उलटं घड्याळ

ग्रीनिचला रांग होती, आणि तिकीट.
आमचा ड्रायव्हर केल्व्हिन म्हणाला, माझ्या गावाशेजारी
हीच रेषा फुकट आहे, शिवाय समुद्र.
म्हणून बत्तीस माणसं घेऊन मी क्लीथॉर्प्सला उतरले
मार्चच्या शेवटच्या शनिवारी,
गारांची एक सर येऊन गेल्यावर, लख्ख उन्हात.
निघण्यापूर्वी सगळे विचारत होते, स्वेटर घ्यायचे की सुती?
मी म्हटलं होतं, दोन्ही. एकाच तासात दोन्ही.

पायवाटेला आडवी गेलेली धातूची पट्टी, बस्स, एवढंच.
वाळिंबेवहिनी एक पाय पूर्वेत, एक पश्चिमेत ठेवून
फोटोला उभ्या राहिल्या.
"आणि मधली मी कुठली गं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे कंपनीचं
निळं निशाण लावलेली काठी होती
आणि सहा वाजताचं जेवण.

मगदूमकाका पट्टीपाशी उकिडवे बसले.
कराडला घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेलेली,
डाव्या डोळ्याभोवती भिंगाचा वळ अजून आहे.
विमानात सगळ्यांनी काटे मागे घेतले, त्यांनी नाही घेतले.
"कशाला? घड्याळ उलटं धरून वाचायचं.
साडेपाच तासांचा फरक आपोआप निघतो.
तासकाटा अर्धं घर मागे राहतो,
तेवढं नजरेनं सांभाळून घ्यायचं."
करून पाहिलं. खरंच निघत होतं.
खिशात मोबाइल असून माणसं मनगटं वाकडी करत हसत सुटली.

"आणि आपली वेळ तरी आपली कुठे?
ती मिर्झापुराकडची. एका अंशाला चार मिनिटं.
कराडचा सूर्य सरासरी तेहतीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो,
दुकानात आजवर एक तक्रार नाही."

त्या रात्री एक वाजायचा तो एकदम दोन वाजले.
दारांखालून मी चिठ्ठ्या सरकवल्या होत्या:
उद्यापासून घड्याळ एक तास पुढे. नाश्ता साडेसात.
उद्या पाडवा आहे, हे मी विसरले होते.
ते वहिनींनी सांगितलं, अंधारात दार ठोठावून.

सूर्योदयाला गुढी हवी.
कालच्या हिशेबानं पाच चाळीस, आजच्या हिशेबानं सहा चाळीस.
पंचांग कोल्हापूरचं, त्यात हे गाव नाही.
माझी काठी काढून घेण्यात आली.
तिला मोरपिशी ब्लाउजपीस,
बॅगेत चेपून अर्ध्या फुटलेल्या साखरेच्या गाठी,
वर पालथा स्टीलचा पेला.
कडुलिंबाच्या जागी प्रत्येकी एक घोट
चारदा उकळलेला बिनसाखरेचा चहा.

ओहोटीनं समुद्र मैलभर मागे नेला होता.
चिखल, आणि चिखलात चोची खुपसणारे पक्षी.
केल्व्हिन डोळे चोळत आला. त्याची झोप एका तासानं तुटलेली.

मगदूमकाकांनी घड्याळ उलटं धरलं.
पुन्हा धरलं. कानाला लावलं.
एक तास कमी भरत होता.
चार दिवसांत पहिल्यांदाच ते घड्याळाकडे
गिऱ्हाइकासारखे पाहत होते.
"बिघडलं का हो?"
"घड्याळ ठीक आहे," ते म्हणाले, "देश हलला."

सूर्य वर आला, भुरकट, कुणालाही न विचारता.
नारळ नव्हता, केल्व्हिननं सफरचंद दिलं.

"आत्ता कराडात अकरा दहा," काका म्हणाले,
या वेळी सरळ घड्याळात बघून.
"गच्चीवरचा तांब्या आता हाताला चटका देईल."
मग टाचा उचलून त्यांनी आमच्या पेल्याला बोट लावलं.
बोट ओलं झालं. ते बराच वेळ तसंच धरून उभे होते.

काटे त्यांनी फिरवले नाहीत.
नाश्त्याला आम्ही उशिरा पोचलो.